पाठमोरी बसून केलेलं रफू

प्रिय वन्सं,

नमस्कार. हे पत्र थोरल्या वन्संच तुम्हाला वाचून दाखवणार, हे मला ठाऊक आहे. तुमच्या आजारपणापासून अक्षरं तुमच्यासमोर मुंग्यांसारखी पळायला लागली, आणि तेव्हापासून आमच्या घरची सगळी पत्रं तुमच्या थोरल्या बहिणीच्या आवाजातच तुमच्यापर्यंत पोचतात. थोरल्या वन्संची सवयही मला माहीत आहे. पत्रात कुणाचं दुखणंखुपणं आलं, काही कडू आलं, की त्या तेवढ्या ओळी गाळून खाली उडी मारतात आणि वर ‘बाकी सगळं ठीक आहे म्हणते’ असं स्वतःच्या पदरचं घालतात. म्हणून थोरल्या वन्सं, आधी तुम्हालाच हात जोडून सांगते, या वेळी एकही ओळ गाळू नका. मी जे लिहिणार आहे ते तुम्हाला आवडणार नाही. तरी वाचा, आणि मोठ्यानं वाचा.

इकडची खुशाली अशी, की हे मार्चमध्ये टपालखात्यातून निवृत्त झाले. पस्तीस वर्षं पत्रांची वर्गवारी करण्यात गेली, आता हात रिकामे राहात नाहीत. भाजीची पिशवी आली की टोमॅटो मोठा, मध्यम, बारीक असे वेगळे होतात. माझ्या रिळांचा डबासुद्धा त्यांनी परवा लावून दिला आणि तेव्हापासून मला एकही रीळ सापडत नाही. गुडघा दुखतो त्यांचा, पण डॉक्टरकडे चला म्हटलं की लगेच बरा होतो. समोरची लाँड्री बंद झाली. तिथे आता मोबाईलचं दुकान आहे, त्यामुळे सकाळी काचेवर वाफ येत नाही, याचंच मला चुकल्यासारखं होतं. चष्म्याच्या दुकानवाले आता काठी घेऊन चालतात. दुकान चाललंय. काम भरपूर आहे, आणि वन्सं, त्याच कामाबद्दल मला सांगायचंय.

मी या घरात आले तेव्हा बाविसाची होते, आणि पहिल्याच आठवड्यात तीन कप आणि एक बरणी फोडली होती. तुम्ही मला ‘धांदरट’ म्हणायला लागलात ते तेव्हापासून. त्यात राग नव्हता, एखाद्या उंच माणसाला उंच म्हणावं तसं म्हणायचात. पुढची खोली म्हणजे रफूचं दुकान, मागे स्वयंपाकघर, मध्ये नुसती चौकट. तुम्ही त्या चौकटीलगत टेबल लावून, स्वयंपाकघराकडे डावा खांदा करून बसायचात. रस्त्याकडच्या खिडकीत एवढा चांगला उजेड असताना तुम्ही दिवसाढवळ्या दिवा लावून आत बसता, याचा मी एकच अर्थ काढला होता, की ही बाई माझ्यावर पहारा करतेय. मी भांडं आपटलं की तुमचा खांदा हलायचा. महिन्याभरानं धीर करून मी विचारलं होतं, ‘वन्सं, मला शिकवाल का?’ तुम्ही मान वर न करता म्हणालात, ‘मला वेळ नाही. तुझी भाजी करपतेय.’ खरंच करपत होती.

मग मी नुसती बघत राहिले. भाजी चिरताना, तांदूळ निवडताना, दूध उतू जाईपर्यंत बघत राहिले. कोटाच्या आतल्या दुमडीतून त्याचाच धागा तुम्ही कसा काढता, ओढून न घेता सुईच्या टोकानं कसा उचलून घेता. भोकाखाली लाकडी गोळा धरून आधी उभे धागे भरता, भोकाच्या कडेच्या बाहेरपर्यंत, आणि मग आडवा धागा, एक वरून, एक खालून. शेवटी गाठ नाहीच. सुई आत जाताना तुम्ही श्वास रोखायचात आणि जिभेचं टोक ओठांच्या डाव्या कोपऱ्यात दाबायचात. एक दिवस हे पाणी प्यायला आत आले आणि माझ्याकडे बघून हसायलाच लागले. म्हणाले, ‘अगं, तुझी जीभ!’ माझ्या हातात बटाटा होता, सुरी थांबलेली होती, श्वास रोखलेला होता आणि जीभ डाव्या कोपऱ्यात. ‘एक ताई काय कमी होती,’ म्हणाले, ‘आता घरात दोन झाल्या.’

त्यांच्या ऑफिसच्या जाकिटाला बाहीवर जळल्याचं भोक पडलं होतं, ते मी तुम्ही बाहेर गेलेल्या असताना भरलं. आयुष्यात पहिल्यांदा रफूची सुई हातात धरली आणि वन्सं, खरं सांगते, ती पहिली वेळ वाटलीच नाही. हाताला वाट माहीत होती. संध्याकाळी तुम्ही ते जाकीट उलटं करून नखानं चाचपलंत आणि एवढंच म्हणालात, ‘उभे धागे जास्त ओढलेस.’ दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या ओट्यावर कसरीनं खाल्लेलं एक घोंगडं आणि एक सुई ठेवलेली होती. त्यानंतर चोवीस वर्षं आपण दोघी एका टेबलावर बसलो. भारी कोट, शाली, लोकरीचे सूट तुमच्याकडे, पडदे, घोंगडी, पँटचे गुडघे माझ्याकडे. तक्रार नव्हती माझी. पण एक गोष्ट रोज टोचायची. दुकानात पाऊल ठेवलं की प्रत्येक गिऱ्हाईक माझ्या डोक्यावरून आत बघायचं आणि विचारायचं, ‘बाई आहेत का?’ तुम्ही बाहेर गेलेल्या असलात आणि मी म्हटलं, ‘द्या, मी करते,’ तर कपडा छातीशी घट्ट धरून म्हणायचे, ‘नको, नको, थांबतो मी.’ चोवीस वर्षं मी हे ऐकलं. टोचतं हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. स्वतःलासुद्धा नाही.

मग तो मंगळवार आला. तुम्ही सुईत दोरा ओवत होतात. सुई टेबलावर पडली, तुम्ही उचलायला गेलात, परत पडली. मी म्हटलं, ‘वन्सं, आज धांदरट कोण?’ हे वाक्य मला अजून ऐकू येतं. तुम्ही स्वतःच्या उजव्या हाताकडे असं बघत होतात, जसं काही कुणी परकं माणूस येऊन शेजारी बसलंय. तोंडातून शब्द फुटेना. दवाखाना, तीन आठवडे, आणि मग तुम्ही घरी आलात ते खुर्चीतून. उजवा हात मांडीवर ठेवला तिथेच राहायचा. ऐकलेलं सगळं कळत होतं, पण बोलायला मोजके शब्द उरले होते. ‘हो’, ‘नको’ आणि ‘असू दे’. सूप सांडलं तरी असू दे, चादर बदलायला उशीर झाला तरी असू दे.

ती व्यायाम घ्यायला येणारी मुलगी तुम्हाला आठवत असेल. स्कूटरवरून यायची, तिची पिशवी तिच्यापेक्षा मोठी. दुसऱ्या की तिसऱ्या भेटीत तिनं विचारलं, ‘यांना आजारपणाआधी हातानं काय काय यायचं?’ मी टेबलाकडे बोट दाखवलं. तिचे डोळेच चमकले. तिथेच बसून तिनं मला समजावलं. मेंदूतल्या काही पेशी अशा असतात म्हणे, की आपण एखादं काम करताना त्या जाग्या होतात आणि दुसऱ्या कुणाला तेच काम करताना नुसतं बघितलं तरीही जाग्या होतात. हात हलत नाही, पण मेंदू आतल्या आत ते काम करून बघतो. ‘तुमचे मिस्टर मॅच बघतात ना? मग बघा, गोल मारायच्या वेळी त्यांचाही पाय उडतो.’ मला हसू आलं, कारण आमच्या स्टुलाचा एक पाय त्यामुळेच मोडला होता. ती म्हणाली, ‘ज्याला ते काम मुरलेलं आहे, त्याच्या मेंदूत हे जास्त होतं. बाईंचा हात तीस-चाळीस वर्षं हेच करत आलाय. तर तुम्ही रोज अर्धा तास त्यांच्यासमोर रफू करायचं. समोर बसून नाही, शेजारी, अगदी त्यांच्या उजव्या हाताला खेटून, म्हणजे तुमचे हात त्यांना स्वतःचेच वाटतील. हळूहळू करायचं. त्यांनी बघायचं आणि मग सुई त्यांच्या बोटांत देऊन करून बघायला लावायचं. खात्री मी देत नाही. पण पहिले तीन-चार महिने सगळ्यात महत्त्वाचे. ते हातचे घालवू नका.’ तिनं एक तक्ता करून चौकटीवर चिकटवला. नव्वद दिवसांची नव्वद घरं. अर्धा तास झाला की एका घरात बरोबरची खूण.

मी तीन दिवस केलं. मंगळवार, बुधवार, गुरुवार. तुमच्या खुर्चीला खुर्ची लावून, कोपराला कोपर लावून बसले आणि एका जुन्या शालीचं भोक भरलं. तुम्ही बघत होतात. गुरुवारी, मी आडवा धागा सुरू केला तेव्हा, मला तुमच्या मांडीवर काहीतरी हललेलं दिसलं. तुमच्या उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी एकमेकांना चिकटले होते. चिमटीत सुई धरल्यासारखे. मी सुई वर काढली की ती चिमूट किंचित सुटायची, आत घातली की परत मिटायची. तुमचं तुमच्या हाताकडे लक्ष नव्हतं, तुम्ही माझ्या हातांत हरवून गेला होतात, आणि तुमच्या जिभेचं टोक डाव्या कोपऱ्यात होतं. मी कुणाला हाक मारली नाही. ह्यांना सांगितलं नाही. त्या मुलीलाही सांगितलं नाही. मी नुसती तक्त्यावर खूण केली.

शुक्रवारी चष्म्याच्या दुकानवाले आले, त्यांचा राखाडी कोट न्यायला. तुम्ही दवाखान्यात असताना ते देऊन गेले होते, कारण थंडी सुरू झाली होती आणि दुसरा इलाज नव्हता. कोपरावर चांगलं अंगठ्याएवढं भोक होतं. त्यांनी कोट खिडकीत नेला, खिशातून भिंग काढलं आणि पाच मिनिटं शोधत राहिले. मग दुसरी बाही शोधायला लागले. मी म्हटलं, ‘तीच बाही, काका.’ ते भिंगातून माझ्याकडे बघायला लागले, त्यांचा एक डोळा बशीएवढा दिसत होता. म्हणाले, ‘तुम्ही केलंत? मग आता बाईंसाठी थांबायला नको.’ तुम्ही तिथेच खुर्चीत बसला होतात, चार हातांवर. त्यांनी ते तुम्हाला लागावं म्हणून म्हटलं नव्हतं. पण माझ्या अंगभर ऊब पसरली, वन्सं. मला वाटलं, हे वाक्य पुन्हा ऐकायला मिळालं पाहिजे. आणि त्याच क्षणी ती चिमूट माझ्या डोळ्यांसमोर आली. हा हात बरा झाला, तर उद्या परत सगळे माझ्या डोक्यावरून आत बघतील. असा स्पष्ट विचार केला नाही मी, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. आज सांगते, केला. याच शब्दांत केला.

शनिवारी सकाळी मी टेबल ओढून खिडकीखाली नेलं. ह्यांनी विचारलं तर म्हटलं, ‘उजेड नको का कामाला? किती दिवस दिवा जाळायचा?’ कारण खरं होतं, म्हणून तर ते इतकं सोपं गेलं. खिडकीत बसलं की तोंड रस्त्याकडे होतं आणि खुर्चीतल्या माणसाला नुसती पाठ दिसते. तुम्ही टेबल सरकताना बघत होतात. मी घाम पुसत म्हटलं, ‘इथे बरं पडेल, नाही का?’ आणि तुम्ही म्हणालात, ‘असू दे.’

थोरल्या वन्सं, इथे थांबू नका. पुढचं वाचा.

त्यानंतर मी एकही दिवस शेजारी बसले नाही. पण तक्त्यावर खूण रोज केली. सकाळी तुम्हाला चहा पाजायच्या आधी, तुमच्या देखत, पेन्सिलीनं. सत्याऐंशी खोट्या खुणा. बाकी तुमची सेवा मी केली, ते कुणी नाही म्हणणार नाही. तुम्हाला न्हाऊ घातलं, भरवलं, पाठीला फोड येऊ दिले नाहीत, रोज हातापायांना तेल लावून त्या मुलीनं दाखवलेले व्यायाम घेतले. ते सगळं मी मनापासून केलं आणि आता कळतं, जरा जास्तच मनापासून केलं. एक अर्धा तास चोरायचा आणि बाकीचे साडेतेवीस तास राबून तो झाकायचा, असं ते होतं. तुम्ही खुर्चीतून माझी पाठ बघत बसायचात. पाठीवर नजर कळते हो. कधी मी मान वळवली तर तुमची चिमूट मिटलेली असायची, पण नुसती, हलायची नाही. थंडी संपेपर्यंत तीही सुटली. बोटं आत वळायला लागली.

चौथ्या महिन्यात ती मुलगी तक्ता घेऊन तुमच्यासमोर बसली. तुमची बोटं एकेक करून उघडून बघितली, परत तक्ता बघितला. तिचा चेहरा पडला होता. तिनं मला नाही, तुम्हाला विचारलं, ‘बाई, यांनी रोज दाखवलं ना तुम्हाला? रोज अर्धा तास?’ मी चौकटीत उभी होते, हातात ओलं फडकं. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. बराच वेळ. मग खिडकीतल्या टेबलाकडे. तुमच्याजवळ ‘नको’ होता, ‘असू दे’ होता, मानेनं नाही म्हणता येत होतं. तुम्ही म्हणालात, ‘हो.’ अगदी स्वच्छ. आजारपणानंतर इतका स्वच्छ शब्द तुमच्या तोंडून मी ऐकला नव्हता. ती मुलगी म्हणाली, ‘सगळ्यांना लागू पडतंच असं नाही,’ आणि तक्ता काढून पिशवीत ठेवला. ती उगाच स्वतःला दोष देत गेली. तेही माझ्याच खात्यात.

पुढे थोरल्या वन्सं तुम्हाला त्यांच्याकडे घेऊन गेल्या, तळमजल्याचं घर आहे, जिना चढायला नको म्हणून. निघताना गल्लीतल्या चार बायकांसमोर त्यांनी मला जवळ घेतलं आणि म्हणाल्या, ‘सख्ख्या बहिणीनं केलं नसतं इतकं केलंस गं.’ मी त्यांच्या खांद्यावर रडले. सगळ्यांना वाटलं तुम्ही जाताय म्हणून रडतेय. सहा वर्षं झाली. आता दुकानात आलेली माणसं विचारतात, ‘बाई आहेत का?’ आणि ती बाई मी असते. लांबलांबून कोट येतात. हवं होतं ते सगळं मिळालं, आणि गंमत अशी, की चांगलं रफू जमून आलं की ते दाखवावं असं एकच माणूस मनात येतं. बाकीच्यांना भोक दिसत नाही, तेवढं पुरतं. उभा धागा कुठे जास्त ओढला गेला, हे फक्त तुम्हाला दिसलं असतं.

गेल्या महिन्यात पुढच्या खोलीची फरशी बदलायला काढली. टेबल हलवल्यावर फरशीवाला म्हणाला, ‘ताई, इथे खिडकीखाली चार खड्डे आहेत आणि तिकडे चौकटीपाशीही चार. दोन टेबलं होती का तुमची?’ मी म्हटलं, नाही, एकच. मग माझ्या लक्षात आलं, की खिडकीखालचे खड्डे फार खोल होते, सहा वर्षांत पडतील असे नव्हते. मी ह्यांना विचारलं. हे रिळं लावत बसले होते, मान वर न करता म्हणाले, ‘टेबल आधी खिडकीतच होतं ना. बाबा तिथेच बसायचे, नंतर ताई बसायची. आपलं लग्न ठरलं आणि तू घरात यायच्या आधीच ताईनं ते आत ओढलं. मी म्हटलं होतं, एवढा उजेड सोडून इथे कशाला? तर म्हणाली, तिकडे बसले तर पोरीला माझी नुसती पाठ दिसेल. पाठीकडे बघून काय शिकणार ती?’

हे मला त्यांनी तीस वर्षांत सांगितलं नव्हतं, कारण मी कधी विचारलं नव्हतं. मी तिथेच, त्या उखडलेल्या फरशीवर बसले. तुम्ही पहारा करत नव्हतात. माझ्याकडे डावा खांदा करून तुम्ही मला तुमचा उजवा हात दाखवत होतात, चोवीस वर्षं, दिव्याखाली डोळे बिघडवून. त्या मुलीनं तक्ता लावून मला जे करायला सांगितलं होतं, ते तुम्ही कुणी न सांगता माझ्यासाठी केलं होतं. आणि माझी पाळी आली तेव्हा मी काय केलं, तर तेच टेबल उचलून नेलं.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला शोधून काढलं. आता तिचं स्वतःचं छोटं क्लिनिक आहे. तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं, सत्याऐंशी खुणांसकट. ती टेबलावरचा रबरी चेंडू हातात घेऊन दाबत राहिली. मग म्हणाली, ‘मी तेव्हा बरेच दिवस विचार करत होते, माझं काय चुकलं.’ मी माफी मागितली. तिनं ती घेतली की नाही, मला कळलं नाही. विचारलं, आता काही होईल का? ती म्हणाली, ‘सहा वर्षांनी फार आशा धरू नका. आणि तेव्हाही किती झालं असतं, हे मी छातीठोक सांगू शकत नाही.’ वन्सं, मला वाटलं होतं या वाक्यानं बरं वाटेल. उलटंच झालं. तुमचा हात बरा झाला असता की नाही, हे आता कुणालाच कळणार नाही, आणि ते कळायची वाट मी बंद केली.

आता हे पत्र का, ते लिहिते. गेल्या बुधवारी थोरल्या वन्संनी रजिस्टर्ड टपालानं बक्षीसपत्र पाठवलं. दुकान आणि वरची खोली, वडिलांनी तुमच्या नावावर केलेलं सगळं, तुम्ही माझ्या नावावर करताय. खाली तुमच्या डाव्या अंगठ्याचा ठसा आहे, शेजारी मी सही करायची आहे. हे खूश झाले, पेन घेऊनच आले. मी कागद वाचला आणि दुसऱ्या परिच्छेदात अडकले. तिथे टाइप केलंय, ‘माझ्या आजारपणात माझ्या भावजयीनं कोणतीही कसर न ठेवता केलेल्या सेवेबद्दल.’ हे वाक्य वकिलांनी घातलं, थोरल्या वन्संनी सांगितलं, की त्यांनी वाचून दाखवल्यावर तुम्ही पुन्हा ‘हो’ म्हणालात, ते मला माहीत नाही. त्या वाक्याखाली माझी सही होणार नाही. कागद तसाच, सही न करता, या पत्रासोबत परत पाठवतेय, त्या ओळीवर पेन्सिलीनं काट मारून. सगळं ऐकून झाल्यावर दुकान कुणाला द्यायचं ते तुम्ही ठरवा. मला नाही दिलंत तर मी एक शब्द बोलणार नाही आणि ह्यांनाही बोलू देणार नाही. त्यांना मी काल सगळं सांगितलंय. ते अजून माझ्याशी बोललेले नाहीत, पण या पाकिटावर पत्ता त्यांनी लिहिलाय. थोरल्या वन्सं, तुम्ही चार बायकांसमोर जे म्हणाला होतात, ते त्याच चार बायकांसमोर परत घ्यायचं असेल तर घ्या, मी तिथे उभी राहीन. आणि वन्सं, तुम्हाला एकच मागते. या वेळी मला वाचवायला ‘हो’ म्हणू नका, आणि ‘असू दे’ही म्हणू नका. तुमच्याजवळ तिसरा एक शब्द आहे, तो माझ्यासाठी तुम्ही अजून एकदाही वापरलेला नाही. तो वापरायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. रविवारी सकाळच्या गाडीनं मी येतेय. तुमच्या खुर्चीजवळ येऊन विचारीन, ‘वन्सं, शेजारी बसू?’ जे उत्तर द्याल, ते खरं द्या.

तुमचीच,
भावजय